नकली बंदुका जमवताय? चिंच आणि मोबाइल दोन्ही लांब ठेवा

माझ्याकडे सतरा बंदुका आहेत आणि त्यातली एकही उडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "मंग ठेवल्या कायले? रोही तं हाकलत नाई." रोही म्हणजे पिकात घुसणारी नीलगाय. त्यांना उत्तर देणं मी कधीच सोडलं. पण आता आसपासच्या तालुक्यांतली पोरंही या नादाला लागली आहेत. त्यांचे फोन येतात आणि दर फोनला त्याच त्या चुका. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात दसऱ्यापासून करतो, कारण त्या दिवशी जितक्या प्रतिकृती खराब होतात तितक्या अख्ख्या पावसाळ्यात होत नसतील.

माझी पहिली चांगली वस्तू म्हणजे १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती. स्पेनच्या मेनॉर्का बेटावर डेनिक्स नावाची कंपनी आहे, तिच्याकडची. नागपूरच्या एका जुन्या संग्राहकाकडून दोन वर्षं मागे लागून घेतली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेतात होतो. आईनं विळे, कुऱ्हाड, पान्हे, पंपाचा हँडल, सगळं अंगणात काढलं. शस्त्रपूजा म्हणजे शस्त्र हवंच, म्हणून माझं कपाट उघडून रिव्हॉल्व्हरही काढलं आणि तांब्याच्या गडव्यासारखं चिंच-मीठ लावून लख्ख घासलं. मी घरी आलो तेव्हा ते पाटावर हळदकुंकू लावून ठेवलेलं होतं. "पाय कसं चमकून रायलं," आई म्हणाली. आणि खरंच चमकत होतं. नळीच्या कडांवरचा मुलामा निघून खालचा लालसर तांब्याचा थर वर आला होता.

इथवर चूक आईची म्हणा हवं तर. पुढची माझी. तो लालसर पट्टा सगळीकडे सारखा करावा म्हणून मी त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. तांबंही गेलं. खाली राखाडी, मऊ, शिशासारखा दिसणारा धातू. महिन्याभरात गोळ्यांच्या फिरत्या चाकाच्या खाचांमध्ये जिथं कुंकवाचं पाणी साचलं होतं, तिथं पांढरी भुकटी धरली. ते रिव्हॉल्व्हर अजून माझ्याकडे आहे. नवीन पोरगा घरी आला की आधी तेच हातात देतो.

हे असं का होतं, ते समजून घ्या. बहुतेक प्रतिकृती लोखंडाच्या नसतात. त्या झमाकच्या असतात, म्हणजे जस्तात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम घालून केलेला ओतीव मिश्रधातू. त्यावर तांब्याचा पातळ थर आणि त्यावर निकेल किंवा काळा मुलामा. आंबट काहीही जस्ताला खातं. चिंच, लिंबू, ताक, तांब्या-पितळेची भांडी घासायची आंबट पावडर, सगळं एकाच माळेचं. वजनावरून फसू नका, झमाकही हाताला जड लागतो. खिशात एक चुंबक ठेवा. स्क्रू आणि स्प्रिंगला चिकटेल, अंगाला चिकटणार नाही. अंगाला चिकटलं तर लोखंड आहे, आणि मग ही वस्तू मुळात आहे तरी काय, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा, घेण्याच्या आधी.

माझी पद्धत साधी आहे. आजोबांच्या जुन्या धोतराचं कोरडं फडकं. फक्त स्क्रूंच्या डोक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा काडीनं लावलेला थेंब. मुलाम्यावर वर्षातून दोनदा मायक्रोक्रिस्टलाइन मेण, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनी संग्रहालयातल्या वस्तूंसाठी तयार केलं होतं, तेव्हा आपल्या कपाटाला ते पुरे आहे. दसऱ्याला आता मी पाटावर बंदुकीसमोर कागद ठेवतो आणि कुंकू कागदाला लागतं. आपट्याची पानं वर ठेवली तर काही बिघडत नाही. झेंडू नको, देठाला पाणी असतं. आई अजून नाराज आहे.

वेल्डिंग हा याच धातूचा दुसरा वैरी. झमाक ३८५ अंशांच्या आसपास वितळतो. दारव्ह्याच्या एका पोरानं बंदुकीचा तुटलेला घोडा वेल्डिंगवाल्याकडे नेला आणि येताना जमिनीवर सांडलेला घोडा आठवण म्हणून घेऊन आला. तुटलेला भाग चिकटवा, नाहीतर तसाच ठेवा. आणि मुळात तो तुटतो कशानं? दिवसभर टिकटिक चाप ओढत बसल्यानं. ओढू नका.

जुनी ओतीव वस्तू घेताना अंगावर केसासारख्या चिरा किंवा फुगवटा दिसला तर सोडून द्या. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतूनच फुटत जातो. त्याला औषध नाही, कितीही स्वस्तात मिळो.

लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लावतात, ते बरोबरच आहे. जुन्या ली-एन्फिल्ड रायफलींच्या दस्त्यांनाही तेच लावत आणि आपल्याकडे जवस घरचाच. पण स्वयंपाकाचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, आणि अधीर माणूस दुसऱ्याच दिवशी दुसरा हात मारतो. मग दस्ता चिकट होऊन त्यावर अख्ख्या गावची धूळ बसते. एक हात, पुसून कोरडा, मग वाट पाहा. वाट पाहता येत नसेल तर कोंबड्या पाळा. त्याहून महत्त्वाची गोष्ट फडक्यांची. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. एप्रिलमध्ये मी तेलाची फडकी बोळा करून गोठ्यात कडब्याशेजारी टाकली. दुपारी बैल अस्वस्थ झाले म्हणून गेलो, तर बोळ्यातून धूर निघत होता. काडी लावली नव्हती, ऊन सरळ पडत नव्हतं. तेव्हापासून फडकी तारेवर पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवतो.

आता मोबाइल, म्हणजे फोटो आणि रीलचा नाद.

भाच्याचं लग्न ठरलं होतं. प्री-वेडिंगला तलावाच्या पाळीवर फोटो काढायचे म्हणून त्यानं माझी लांब रायफल मागितली. मी दिली. ही माझी चूक आणि ती मी आजही मान्य करतो. दिवस विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचे. परवाना असलेल्यांच्याही बंदुका तेव्हा ठाण्यात जमा करून घेतात, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी शेळ्या घेऊन परतणाऱ्या माणसानं पाळीवर रायफलवाला पाहिला आणि ११२ ला फोन लावला. त्याचं काय चुकलं? गाडी आली. भाचा हसत म्हणाला, "साहेब, खोटी आहे," आणि दाखवायला म्हणून ती वर उचलली. समोरच्या हवालदाराचा हात कमरेवर गेला. फोटोग्राफरचा कॅमेरा चालू होता. त्या चित्रणात हवालदाराचा अंगठा होल्स्टरच्या बटणावर दिसतो आणि बटण उघडलेलं आहे. ते चित्रण मी एकदाच पाहिलं.

रात्री दीडपर्यंत ठाण्यात बसलो. बिल आणि जुने फोटो होते म्हणून सुटलो. रायफल नंतर कितीतरी दिवसांनी मिळाली.

तुम्हाला ती खोटी आहे हे माहीत असतं, समोरच्याला नसतं. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीला नारंगी टोक कायद्यानं सक्तीचं आहे. जपानमध्ये १९७१ पासून धातूच्या मॉडेल पिस्तुलाची नळी बुजवून ते पांढरं किंवा पिवळं ठेवावं लागतं. आणि आमची पोरं नारंगी टोक आलं की पहिल्यांदा काळा स्प्रे आणतात! कायले बाप्पा? रीलमध्ये खरी वाटावी म्हणून? कोणावर रोखून धमकावलंत तर ती खोटी होती, हा बचाव चालत नाही. मी आता वस्तू बंद खोक्यात नेतो, वर मोठ्या अक्षरात 'प्रतिकृती' आणि आत बिलाची झेरॉक्स. एसटीत नेत नाही. गडचिरोलीकडे तर खोक्यातूनही नाही.

ब्लँक फायरिंग बंदुकांबद्दल, म्हणजे गोळीशिवाय नुसता बार उडवणाऱ्या बंदुकांबद्दल थोडक्यात, कारण यात शौकापेक्षा कायदा मोठा आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये या बंदुकांचा वेगळा उल्लेख आहे. परदेशी साइटवरून मागवून कस्टममध्ये अडकवून घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं "काही होत नाही भाऊ" हे उत्तर नव्हे. आणि ब्लँक म्हणजे रिकामं, हा गैरसमज काढून टाका. गोळी नसते, दारू असते, आणि तोंडातून गरम वायूचा झोत येतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन अभिनेता चित्रीकरणाच्या मधल्या वेळात गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून बसला. चाप ओढला आणि काही दिवसांत गेला. वरातीत उडवायचा विचार असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या धोकादायक गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे, दोन्हीही होऊ शकतं.

"दादा, नळी मोकळी करता येते का?" असं कोणी विचारलं की मी फोन ठेवतो. नकली बंदुकीची खरी करायला परवाना लागतो, शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ६. तो ना तुम्हाला मिळणार, ना मला.

बाकी किरकोळ. भिंतीला लटकवाल तर मातीच्या भिंतीला नको, ओल येते. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं पाणी धरतं. लहान मुलं घरात असतील तर कपाटाला कुलूप, अन् चावी देव्हाऱ्यात नको, तिथं सगळ्यात आधी शोधतात. खरेदीची घाई होत असेल तर आधी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात जाऊन शस्त्रांचं दालन पाहून या, निम्मी हौस तिथंच भागते.

हे लिहून संपवत होतो तेवढ्यात आर्णीहून फोन आला. पोरानं चिंचेची गोष्ट आधीच ऐकलेली. म्हणाला, "दादा, चिंच नाई वापरली. लिंबू चालते ना?"