एजंटच्या हाती नोंदी देणाऱ्या टूल्सचं डॉक्युमेंटेशन: या कामात येणाऱ्यांसाठी

सोलापुरात बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग केलेली मुलंमुली मला नेहमी विचारतात, की दिवसभर कोड लिहायला आवडत नाही, पण राहायचंय सॉफ्टवेअरमध्येच, तर काय करावं? त्यांतल्या ज्यांना बारकाईने वाचायची आणि नेमकं लिहायची आवड आहे, त्यांना मी टेक्निकल रायटिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर कसं चालतं ते समजावणारं डॉक्युमेंटेशन लिहिण्याचं, नाव सुचवते. जुळे सोलापुरातल्या घरी बसून मी हेच काम करते. एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पायऱ्यापायऱ्यांनी करणारा एआय प्रोग्रॅम. त्याला नोंदींच्या फाइली वाचू आणि बदलू देणारी टूल्स हा सध्या माझा विषय आहे. नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण यात शब्द चुकला तर त्याचा परिणाम लगेच फाइलीत दिसतो.

या नोंदी बहुतेक मार्कडाउनमध्ये असतात. जॉन ग्रूबर यांनी 2004 मध्ये आणलेली ही साध्या टेक्स्टची पद्धत. ऑब्सिडियनसारखं अ‍ॅप तुमच्या नोंदी अशाच फाइलींमध्ये, तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे त्या एजंटला देणं सोपं जातं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. एआयला बाहेरची टूल्स आणि माहिती जोडण्याची ही एक ठरलेली पद्धत. त्यात प्रत्येक टूलला एक नाव असतं, एक वर्णन असतं आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा साचा असतो. टूलच्या आतला कोड मॉडेलसमोर, म्हणजे एजंटसाठी निर्णय घेणाऱ्या एआयसमोर, येत नाही. कोणतं टूल कधी वापरायचं, हे ते या वर्णनावरूनच ठरवतं.

म्हणून मी एक गोष्ट सगळ्यांत आधी लिहायला सांगते: हे टूल चालवल्यावर नोंदीतलं काय जाईल? ‘नोंद अपडेट करते’ एवढंच वर्णन असलेली टूल्स मी बरीच पाहिली आहेत. यात अपडेट म्हणजे नेमकं काय? शेवटी भर पडते, मधला भाग बदलतो, की जुनं सगळं पुसून नवं येतं? माणूस शंका आली की कुणाला तरी विचारतो किंवा फाइलीची कॉपी काढून ठेवतो. एजंट तसं करेलच असं धरून चालता येत नाही. मी तिथे असं लिहीन: ‘फाइलीतला सगळा जुना मजकूर पुसला जातो आणि दिलेला मजकूर त्या जागी येतो. थोडाच भाग बदलायचा असेल तर हे टूल वापरू नये.’ आणि मग कोणतं वापरावं, त्याचं नाव.

सरावासाठी एका काल्पनिक टॉवेल कारखान्याच्या नोंदींचं फोल्डर तयार करा. सुताचे भाव, रंगाईचा हिशोब, ऑर्डरी, प्रत्येक व्यापाऱ्याची वेगळी फाइल. एका फाइलीत ‘बाकी’ हे शीर्षक मुद्दाम तीनदा घाला आणि एजंटला ‘बाकीखाली आजची रक्कम लिही’ असं सांगा. टूल पहिल्या शीर्षकाखाली लिहितं, शेवटच्या, की चूक दाखवून थांबतं? जे घडेल ते वर्णनात यायला हवं. नेटवर्क अडकलं आणि एजंटने तेच काम पुन्हा केलं, तर भर घालणारं टूल तीच रक्कम दोनदा लिहील. हिशोबाच्या वहीत याचा अर्थ काय होतो, ते सोलापूरच्या बाजारपेठेत वाढलेल्याला मी सांगायला नको. फाइलीचं नाव बदलण्याचंही तसंच आहे. ऑब्सिडियनच्या आतून नाव बदललं तर त्या फाइलीकडे येणारे दुवे दुरुस्त करता येतात, पण टूलने परस्पर बदललं तर ते तुटू शकतात.

एमसीपीमध्ये टूल फक्त वाचतं, की काही नष्टही करू शकतं, की तेच पुन्हा चालवलं तरी परिणाम वाढत नाही, हे सांगणाऱ्या खुणा देता येतात. नष्ट करण्याबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर बदल करणारं टूल नष्ट करू शकतं असंच धरलं जातं. पण या खुणा म्हणजे फक्त सूचना आहेत, त्यांनी संरक्षण मिळत नाही. डॉक्युमेंटमध्ये हे स्पष्ट लिहा.

मराठी लिहिणाऱ्याचा या कामात मोठा उपयोग होतो. जुना मजकूर शोधून नवा घालणारी बरीच टूल्स अक्षर न् अक्षर जुळण्याची अपेक्षा ठेवतात. ‘व्यापाऱ्याची’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी येतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकाच रूपात आणणं, केलं तरी ते एक होत नाहीत. मग शब्द डोळ्यांसमोर असताना टूल म्हणतं, ‘सापडला नाही’. आकाराची मर्यादाही तपासा. यूटीएफ-8 या टेक्स्ट साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, तेव्हा मर्यादा बाइटची आहे की चिन्हांची, हे लिहिलेलं असावं. नुसत्या इंग्रजी नोंदींवर टूल तपासणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही.

काही चुकल्यावर टूल जे संदेश देतं, तोही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, आणि तो डेव्हलपरांवर सोडू नये. ‘एरर’ एवढ्यावर एजंट पुढे काय करणार? ‘हा मजकूर तीन ठिकाणी आहे, आधीची ओळ जोडून पुन्हा द्या’ असं मिळालं तर तो नेमकी जागा गाठू शकतो.

पुण्याला जावं लागेल का, असंही विचारतात. कंपनीवर अवलंबून आहे; घरून करता येण्यासारखं काम मात्र नक्कीच आहे. इंग्रजी भारी असायची गरज नाही, सरळ आणि छोटी वाक्यं जमली पाहिजेत. गिटहब या कोड शेअर करण्याच्या साइटवरचा, नोंदींसाठीचा एखादा मुक्त एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला अशी टूल्स पुरवणारा प्रोग्रॅम, घ्या. सरावाच्या फोल्डरमध्ये गिट, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करा आणि दर वेळी टूल चालवण्याआधी फाइली त्यात कमिट करा, म्हणजे एजंटने केलेला प्रत्येक बदल ओळीओळीने दिसेल आणि मागेही घेता येईल. खऱ्या नोंदी यात आणू नका. प्रत्येक टूल चालवा, वर्णन काय म्हणतं आणि फाइलीत काय झालं ते शेजारी मांडा, आणि जिथे फरक दिसेल तिथे सुधारलेलं वर्णन त्या प्रकल्पाला पाठवा. नोकरीच्या अर्जाला हेच जोडा: जुनं वर्णन, त्यावरून एजंटने केलेला बदल, तुमचं वर्णन आणि त्यानंतरचा बदल.