फिंच-कॅनरीचा पाय सुजलाय? औषध लावण्याआधी या चुका टाळा

फिंच किंवा कॅनरीसारखा पिंजऱ्यातला छोटा पक्षी एक पाय पोटाशी धरून बसला की विचारणारा पहिल्याच वाक्यात विचारतो, "कुठलं मलम लावू?" पाय हातात घेऊन पाहिला का, असं विचारलं की गप्प. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझ्याकडे झेब्रा फिंचची एक मादी होती. तिचं एक बोट सुजून लाल झालं. जंतुसंसर्ग असणार असं धरून मी चार दिवस पोविडोन आयोडिन हे जंतुनाशक लावत राहिलो. पाचव्या दिवशी बोट काळं पडलं, तेव्हा कुठे भिंग हातात घेतलं. बोटाच्या बुडाशी घरट्यातल्या कापसाचा एकच तंतू, केसाहून बारीक, कातडीत रुतून बसला होता. पुढचा रक्तपुरवठाच बंद झालेला. डॉक्टरांनी तंतू काढला, पण बोट सुकून गळून पडलं. ती पुढेही जगली, पण दांडीवर उतरताना तिचा तोल जायचा आणि ते पाहताना मला दरवेळी ते चार दिवस आठवायचे.

तेव्हापासून सूज एकाच बोटाला असेल आणि सुजेच्या वर बारीक खाच दिसत असेल, तर मी आधी दोराच शोधतो. कोमट पाण्याने पाय भिजवून घाण मऊ करायची आणि बारीक टोकाच्या कात्रीने तंतू कापायचा. ओढायचा मात्र नाही, कारण ओढला की फास आणखी आवळतो. तंतू कातडीत बुडाला असेल तर घरी खटपट न करता डॉक्टरांकडे जायचं. पक्षी धरताना छाती दाबू नका. श्वास घेताना त्याची छाती हलावी लागते; घट्ट मुठीत तो गुदमरतो. आणि घरट्यासाठी कापूस, लोकर, सुतळी देणं बंद करा. मी फक्त सुकं गवत देतो.

दुसरी चूक खवल्यांची. पायावर जाड, पांढरट पापुद्रे आले, कॅनरीच्या बोटांवर झालरीसारखे लोंबायला लागले, की बहुधा कातडीत शिरलेल्या माइटचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचं काम असतं. लोक ते नखाने खरवडतात, खालून रक्त येतं. कुणी केरोसीन लावतं, ते तर विषच. कुणी तेलाने पाय मांडीपर्यंत चोपडतं; तेलकट झालेली पिसं ऊब धरत नाहीत आणि पक्षी गारठतो. व्हॅसलिनचा पातळ थर फक्त खवल्यांवर लावा. खरं औषध आयव्हरमेक्टिन, हे माइट मारतं, पण गुरांच्या इंजेक्शनातला "एक थेंब" अंदाजाने देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम असतं, तिथे अंदाज जीवावर बेततो. डोस डॉक्टरांनी वजन करूनच ठरवावा. पुन्हा बोलावलं तर जा. पापुद्रे झडू लागले म्हणजे माइट संपले असं नाही.

तळव्याला गाठ किंवा फोड आला असेल तर तो फोडू नका. दांड्या बघा. सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत किंवा सँडपेपर चढवलेल्या असतील तर त्या बदला आणि वेगवेगळ्या जाडीच्या खऱ्या फांद्या लावा. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला जीवनसत्त्व अ कमी पडतं आणि तळव्याची कातडी बिघडते. रोज हिरवा पाला द्या.

पायातली ओळखीची कडी रुतली तर पकडीने तोडू नका, पाय काडीसारखा मोडतो.

नखं कापताना फक्त टोक कापा. 20 ग्रॅमच्या कॅनरीच्या अंगात रक्तच साधारण 2 मिलिलिटर असतं. रक्त आलं तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा.

माणसांचं वेदनाशामक मलम किंवा गोळी कधीच नाही. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांसारखे मोठे पक्षी मेले.

पाय मोडला असेल तर दांड्या काढा, तळाला मऊ कागद घाला, दाणापाणी खालीच ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. घरी काड्या बांधत बसू नका.

आणि मादी अचानक पिसं फुगवून तळाशी बसली, दोन्ही पाय लुळे वाटले, तर पायाला काही लावू नका, पोट बघा. अंडं अडकलं असेल तर ते नसांवर दाब देतं आणि पाय निकामी दिसतात. पिंजरा 28 ते 30 अंशांवर उबदार ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. यात सकाळची वाट पाहायची नसते.