ज्येष्ठ निवासात नोकरी शोधताय? आधी रात्रपाळीबद्दल विचारा

पुण्याच्या आसपास ज्येष्ठांसाठीच्या निवासी प्रकल्पांत मी बरीच वर्षं व्यवस्थापनाचं काम करते आहे. समाजकार्य किंवा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलंमुली विचारायला येतात, "ताई, या क्षेत्रात पुढे वाव आहे का?" वाव आहेच. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे दहा कोटींहून अधिक होते, आणि महाराष्ट्रातलं त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त होतं. प्रकल्पांतल्या खोल्या भरतील. येत्या वर्षात मला घोर आहे तो भरलेल्या खोल्यांचा.

लोक आमच्याकडे सत्तरीत येतात, धडधाकट. सकाळी फेरफटका, दुपारी पत्ते, महिन्यातून एकदा नाटकाला बस. करारही तशाच माणसासाठी लिहिलेला असतो: डिपॉझिट, मासिक शुल्क, जेवण, डॉक्टरांची ठरावीक फेरी. दहा-बारा वर्षांनी त्याच खोलीतले काका अंथरुणाला खिळलेले असतात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, नळीवाटे अन्न, औषधांच्या वेळा. शेजारच्या काकूंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दिवेलागणीला त्या पिशवी भरून फाटकापाशी येतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. त्यांना अडवायचं नसतं. सोबत दोन चकरा मारायच्या, माहेरच्या गावाचं विचारायचं, मग त्या आपसूक परततात. हे जमणारं माणूस मिळणं फार कठीण आहे, आणि करारात या कामाचा उल्लेखही नसतो.

हे सगळं करते ती शुश्रूषेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली, बारा तासांची ड्यूटी करणारी मुलगी. जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवा मदतनीसाचा) कोर्स केलेला असतो, बाकीचं ती आमच्याकडे शिकते. नीट तयार झाली की हॉस्पिटल तिला जास्त पगार देतं. आता परदेशाचीही वाट खुली झाली आहे. वृद्धांच्या शुश्रूषेसह अनेक कामांसाठी भारतीय मनुष्यबळ नेण्याचा करार जपानने २०२१ मध्ये केला, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. या मुलींनी जावं, मनापासून वाटतं. त्यांच्या कष्टांचं मोल इथे झालेलं नाही. पण त्यांच्या जागी रात्री दोन वाजता कोण उठणार, हे मला रोज ठरवावं लागतं.

पगार वाढवायचा तर मासिक शुल्क वाढवावं लागतं, आणि ते भरणारे बहुतेक जण पेन्शन नि मुदत ठेवींच्या व्याजावर जगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. योग्यच आहे, पण तो खर्च अंदाजपत्रकात धरावा लागेल. शुल्कवाढीच्या सभेत नवख्या माणसाला पुढे बसवतात. तिथे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा वही उघडून विचारतात, "आणखी दहा वर्षं जगलो तर?" त्यांना आकडे दाखवा, कागद दाखवा, गोड बोलून वेळ मारून नेऊ नका.

इमारतींचं थोडक्यात सांगते. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष घातले: चाकाची खुर्ची जाईल अशी किमान ९०० मिलिमीटर रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा, आधाराच्या दांड्या. जुन्या इमारतींत मात्र न्हाणीघराच्या दारातच खुर्ची अडते. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे अग्निसुरक्षेचा 'बी' फॉर्म, जानेवारी आणि जुलैत भरला जातो. तो बघाच, पण पुढचंही विचारा: आगीत लिफ्ट वापरता येत नाही, मग तिसऱ्या मजल्यावरच्या खिळलेल्या रुग्णाला रात्री खाली कोण आणणार?

शेवटच्या आजारपणाचं बोलणं सगळेच टाळतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कोथरूडला, वडील अत्यवस्थ. एकाला व्हेंटिलेटर हवा असतो, दुसरीला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी ठरवली. प्रवेशाच्या वेळी, माणूस शुद्धीत आणि बोलता असताना हा विषय काढा. प्रत नर्सच्या टेबलावरच्या फाइलमध्ये ठेवा. ऑफिसच्या कुलपात ठेवलेली प्रत रात्री कामाला येत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा क्लबहाउस बघून झालं की रात्रपाळीचं हजेरी रजिस्टर मागा. किती रहिवाशांमागे किती माणसं आहेत, आणि सहा महिन्यांपूर्वीची नावं आजही त्यात आहेत का, ते वाचा. रुजू झालात तर पहिला आठवडा रात्रपाळी मागून घ्या.