सर्व्हरचा प्रोसेसर भरून वाहू लागला, तर आधी काय पाहावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहून मी कापूस खरेदीच्या जावा सॉफ्टवेअरची देखभाल करतो. दसरा-दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागते, आणि काट्यावरून निघणारी पावती अडली, तर रात्री गाडीतच झोपलेल्या कास्तकाराला आणखी ताटकळावे लागते. नोकरीच्या पहिल्याच हंगामात ती पावती अडली. चार कोअरच्या सर्व्हरवर टॉप ही प्रोसेसर कशात गुंतला आहे ते दाखवणारी कमांड आमच्या प्रोसेसचा वापर जवळपास ४०० टक्के, म्हणजे चारही कोअर पूर्ण भरलेले, दाखवत होती. मी घाईने ॲप्लिकेशन रिस्टार्ट केले. काम सुरू झाले आणि अर्ध्या तासात पुन्हा तेच झाले. दुखणे कायम राहिले होते आणि पुरावा मात्र मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे, की रिस्टार्टआधी दोन मिनिटे पुराव्यासाठी द्या. केवळ लोड ॲव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी) पाहून निष्कर्ष काढू नका. लिनक्समध्ये त्या आकड्यात डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही मोजली जातात, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असतानाही तो फुगलेला दिसू शकतो. टॉपच्या वरच्या ओळींत वेळ नेमका कशात जातो आहे ते पाहावे. ‘यूएस’ जास्त असेल तर प्रोग्रामचा स्वतःचा कोड राबतो आहे, ‘डब्ल्यूए’ जास्त असेल तर डिस्क मंद आहे, आणि भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर ‘एसटी’ वाढले असेल तर आपल्या वाट्याचा प्रोसेसर दुसरीकडे वापरला जात आहे.

आमच्याकडे ‘यूएस’च जास्त होते. दुसऱ्यांदा काम अडले तेव्हा मी टॉपला मोठ्या एचचा पर्याय आणि प्रोसेसचा क्रमांक दिला, तेव्हा प्रत्येक थ्रेडचा (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामाचा) वापर वेगळा दिसू लागला आणि चार थ्रेड प्रत्येकी एकेक कोअर अडवून बसलेले आढळले. त्यांपैकी एकाचा क्रमांक ६२७३ होता. आमच्या जावा ८ मध्ये जेस्टॅक या साधनाने काढलेल्या थ्रेड डंपमधील (सगळे थ्रेड त्या क्षणी काय करत आहेत याच्या नोंदीतील) ‘एनआयडी’, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, सोळाच्या पायावर लिहिलेला असतो, म्हणून ६२७३ चे रूपांतर केले. ते १८८१ येते. तो आकडा डंपमध्ये शोधला की थ्रेड कोडच्या नेमक्या कोणत्या ओळीवर आहे ते समजते. मात्र एकच डंप पुरेसा नसतो, कारण तो केवळ एका क्षणाचे चित्र दाखवतो. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप फाइलमध्ये साठवावेत. गावाकडे मोबाईलच्या नेटवरून काम करताना जोडणी मध्येच तुटते, तेव्हा ही फाइलच हाताशी राहते. (तापलेले थ्रेड कचरा-संकलनाचे, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारे, निघाले, तर मात्र शोध मेमरीकडे वळवावा.)

तिन्ही डंपमध्ये चारही थ्रेड नाव तपासणाऱ्या एकाच रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकूर ठरावीक नमुन्याशी जुळतो का ते पाहणाऱ्या सूत्रात) होते. अक्षरांचा गट एक किंवा अधिक वेळा, त्यामागे असली-नसली तरी चालेल अशी एक मोकळी जागा, आणि हा सगळा गट पुन्हा एक किंवा अधिक वेळा, अशी ती रचना होती. नाव साधे असले तर ती क्षणात जुळे. परंतु इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या एका लांबलचक नावाच्या शेवटी ऑपरेटरकडून टिंब पडले होते. ते जुळेना, म्हणून इंजिन त्याच अक्षरांची वेगवेगळी विभागणी करून पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि प्रत्येक वाढीव अक्षरासोबत अशा विभागण्या जवळपास दुप्पट होतात. पावती येत नाही म्हणून काट्यावरच्या मुलाने बटण पुन्हा दाबले, आणि प्रत्येक दाबण्यासरशी आणखी एक थ्रेड त्यात अडकला. माशी शिंकली होती ती इथे.

उपाय छोटा होता: गटातला गट काढून टाकला, नावाच्या लांबीला मर्यादा घातली, आणि पावती तयार होईपर्यंत बटण निष्क्रिय राहील अशी व्यवस्था केली. तेच टिंब असलेले नाव आधी चाचणीच्या सर्व्हरवर टाकून चूक हुबेहूब घडवून पाहिली, मग नवा कोड बसवून पुन्हा तेच नाव टाकले. ते लगेच नाकारले गेले आणि टॉपमध्ये एकही थ्रेड वर आला नाही. त्यानंतरच तो कोड काट्यावर पाठवला.