दोरा दिसला तरी चालेल: गच्चीवर जुने जादूचे सिनेमे कसे दाखवायचे

मुलांना जुना जादूचा सिनेमा दाखवायचा असेल तर सुरुवातीला माफी मागू नका. "तेव्हा कॉम्प्युटर नव्हते हं, जरा सांभाळून घ्या," असं म्हटलंत की मुलं चुका मोजायला बसतात. काहीच न बोलता लावा. राक्षस येतो, गालिचा उडतो, पुतळा हलतो. मुलांना हे सगळं आधी घडू द्या.

माझं काम नाटकाच्या प्रकाशयोजनेचं. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, अधूनमधून वाशीचं भावे, अशी फिरती चालू असते. प्रयोग नसेल त्या शनिवारी मी ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हे सिनेमे लावतो. एकेका ट्रिकसीनसाठी माणसं किती डोकं चालवायची, हे पाहिलं की माझा ऊर भरून येतो. ते मुलांपर्यंत कसं पोचवायचं, ते सांगतो.

निवड करताना पूर्ण सिनेमाचा हट्ट धरू नका. अडीच तासांचा पोशाखी सिनेमा पहिल्याच दिवशी लावला तर मुलं अर्ध्यात खाली उतरतात. तुकडे दाखवा. माझा क्रम ठरलेला आहे. आधी जॉर्ज मेलिएसची १९०२ सालची चंद्रावरची सफर, जेमतेम पाव तासाची. मग प्रभातच्या 'संत तुकाराम'मधलं (१९३६) वैकुंठाला जाणारं गरुडाचं विमान. त्यानंतर होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचा 'हातिमताई' (१९५६) किंवा बाबूभाई मिस्त्रींचा 'पारसमणी' (१९६३), यातली वीस-पंचवीस मिनिटं. मोठ्यांसाठी सांगायचं तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत घेऊन पडद्यावर आलेला पहिला सिनेमा 'पारसमणी'च, त्यामुळे गाण्यांना कात्री लावू नका, नाहीतर मागच्या खुर्च्यांवरून ओरडा होतो. शेवटी १९६३ चाच 'जेसन अँड द अर्गोनॉट्स', त्यातली फक्त सांगाड्यांची लढाई. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणून मी जुन्यातलंच निवडतो. तिकीट किंवा वर्गणी तर अजिबात ठेवत नाही.

आता पडदा. पांढरी चादर एकेरी लावली तर उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं दिसतं. चादरीमागे काळं कापड ताणून बांधा, फरक लगेच कळेल. खालच्या कडेला बांबू घाला, म्हणजे उपवन तलावाकडून वारा सुटला तरी राजकन्येचं तोंड वाकडं होणार नाही. मे महिन्यात ठाण्यात सूर्य सात-सव्वासातच्या दरम्यान मावळतो, पण प्रोजेक्टरला पुरेल असा अंधार पावणेआठला पडतो. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणजे हातात दोन तास. डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो, तेव्हा घाई नसते. पावसाळ्यात गच्चीचा नाद सोडा आणि खाली पार्किंगमध्ये लावा.

प्रोजेक्टरची सेटिंग मात्र नीट बघा, निम्मे सिनेमे तिथेच बिघडतात. यातले बहुतेक सिनेमे चौकोनी चौकटीचे आहेत, ४:३ चे. पडदा भरायचा म्हणून ते दोन्हीकडे ताणलेत तर राक्षसासकट सगळे बुटके दिसतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. घरी टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंग नावाची सोय असते, ती आधी बंद करा. पुतळा एकेक फ्रेम हलवून केलेल्या दृश्यात जो बारीक थरथराट असतो तोच त्या प्राण्याचा जीव आहे. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या खोट्या फ्रेम घालते आणि तो थरथराट पुसून टाकते. आवाजासाठी एकच स्पीकर पुरतो, तोही पडद्याच्या खाली. हे आवाज एका ठिकाणाहूनच यायचे. बास कमी ठेवा, म्हणजे संवाद कळतील.

वस्तू उडवायला बांधलेल्या दोऱ्याबद्दलचा एक गैरसमज मला मनापासून दूर करायचा आहे. लोक म्हणतात, केवढी ढिली कामं, तार सरळ दिसते. टॉकीजमध्ये लागायची ती प्रिंट मूळ निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फिल्मवरून, थेट निघालेली नसायची. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, आणि दर पायरीला बारीक रेघा थोड्या पुसल्या जायच्या. ट्रिक करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असायचं आणि ते त्या हिशेबानंच दोरा निवडायचे. आज मूळ निगेटिव्ह स्कॅन करून लखलखीत चित्र काढतात, तेव्हा कोणी दाखवायला ठेवलाच नव्हता तो दोरा दिसू लागतो. म्हणून सगळ्यात स्वच्छ आवृत्तीच हवी असा आग्रह मी धरत नाही, आणि पहिली रांग पडद्यापासून जरा लांब बसवतो.

मेलिएस मूकपट आहे, तेव्हा पडद्याबरोबर काहीतरी वाजलं पाहिजे. आपल्याकडे मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसायचे. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या आजी पेटी घेऊन वर येतात आणि चंद्राच्या डोळ्यात गोळा घुसतो तेव्हा काळी-पांढरी सगळ्या पट्ट्या एकदम दाबतात. मुलं दर वेळी तेवढं परत लावायला सांगतात.

सांगाड्यांची लढाई आधी न थांबवता दाखवा. सात सांगाडे, समोर तीन माणसं. संपली की लगेच दुसऱ्यांदा लावा आणि या वेळी रिमोट हातात घ्या. जिथे माणसाची तलवार सांगाड्याच्या तलवारीवर आदळते तिथे थांबवा. मुलांना म्हणा, फक्त माणसाचा हात बघा. शूटिंगच्या वेळी त्याच्यापुढे कोणीच नव्हतं. तालीम माणसांबरोबर केली होती, पण कॅमेऱ्यापुढे तीच लढाई मोकळ्या हवेत करायची होती. तलवार जोरात फिरवायची आणि जिथे काहीच नाही तिथे अचूक थांबवायची, नजरही बरोबर त्याच उंचीवर. नाटकात काल्पनिक भिंतीवर हात टेकवायला नट किती दिवस घेतात ते मी रोज विंगेतून बघतो, त्यामुळे मला या हाताचं मोल कळतं. सांगाडे त्यात नंतर आले. रे हॅरीहाउसेन ते एकटा हलवायचा. सेकंदाला २४ फ्रेम, दर फ्रेमला सातही सांगाड्यांचे हातपाय, मान, तलवारी किंचित सरकवायच्या, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायच्या. काही मिनिटांच्या या प्रसंगाला साडेचार महिने लागले. बाहुल्यांच्या आतले धातूचे सांधे त्याच्या वडिलांनी घडवले होते. हे सांगितलं की आमच्या गच्चीवरची नववी-दहावीची टोळीसुद्धा मोबाईल खाली ठेवते.

यापुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे: ट्रिक स्वतः करून बघणं. बाबूभाई मिस्त्रींनी 'ख्वाब की दुनिया'मध्ये (१९३७) अदृश्य माणूस दाखवला. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या, आणि इंडस्ट्रीत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. तीच ट्रिक, एक कप हवेत उचलून, तासाभरात जमते.

दोन मीटर काळी मखमल आणा. सॅटिन चालणार नाही, ते चमकतं. मखमल उजेड गिळते. ती भिंतीवर लावा आणि कप तिच्यापासून चार-पाच फूट पुढे टेबलावर ठेवा, म्हणजे दिव्याचा उजेड मागे सांडणार नाही. दिवा एकच, बाजूनं, कपाच्या उंचीवर. समोरून उजेड आला की दोरा उजळलाच म्हणून समजा. मासे पकडायचा नायलॉन पारदर्शक म्हणून लोक आणतात, पण उजेडात त्याची लखलखती रेघ दिसते. शिवणाचा साधा काळा सुती दोरा घ्या आणि कोळशावरून एकदा ओढा, उरलीसुरली चमक जाते. दोरे दोन हवेत, एकावर कप गरगरतो. एक कपाच्या कानाला, दुसरा समोरच्या काठाला. दोन्ही वर आडव्या बांधलेल्या बांबूवरून मागे घ्या.

ओढताना आधी कानाचा दोरा, अगदी हलका. माणूस कप कानाला धरून उचलतो, तेव्हा कप आधी किंचित कलला पाहिजे आणि मगच वर गेला पाहिजे. तेवढं कलणं साधलं की कपामागे हात दिसायला लागतो. आमच्या गच्चीवर एक चिमुरडी ओरडली, "काका, दोरा दिसला!" मी म्हटलं, "दिसला ना? मग सांग, बांधलाय कुठे?" ती जवळ आली, निरखून बघितलं, म्हणाली, "कानाला. आता मी ओढते." आणि तिनं ओढलेला कप माझ्यापेक्षा छान कलला.

फ्रेम-फ्रेमचं काम करायचं असेल तर मोबाईल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि उजेड लॉक करा, खिडक्या बंद. सेकंदाला १२ फोटो पुरतात, म्हणजे दहा सेकंदांना १२०. बाहुलीच्या आत अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घाला, वरून खेळातली क्ले. शाडू माती वाळून तडकते, ती नको. घाई करणाऱ्याला सांगा की दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना असंच थोडं थोडं टिपलं होतं, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला.

मुलांनी केलेला तुकडा पुढच्या शनिवारी मेलिएसच्याही आधी लावा, त्यांच्या नावांची पाटी जोडून. पेटीवाल्या आजींना तो दोन दिवस आधी दाखवून ठेवा, त्यांना साथ बसवायला वेळ लागतो.