बिअरच्या नळाची मूठ जमवायची तर

नाशिकजवळच्या देवळालीचं नाव इंग्रजी शब्दकोशात आहे, तेही वेडाच्या अर्थाने. १८६१ साली तिथे उभारलेल्या तळावर मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत पडून राहायचे. बोटींचा हंगाम हिवाळ्यातला. तो चुकला की पुढचे कित्येक महिने उन्हात बसा. त्यात काहींचं डोकं फिरायचं आणि त्याला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका मायक्रोब्रुअरीने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याने, डूलॅली हेच नाव घेतलं, आणि तिथला टॅप मात्र खरोखरच बिअरचा नळ. नाशिककराला नळाच्या मुठींचा नाद लागायला एवढं निमित्त पुरे. मला तरी पुरलं.

मूठ म्हणजे नळावरचा तो दांडा, जो पुढे ओढला की ग्लास भरतो. बारवाले त्याला हँडलच म्हणतात. ती आट्यांवर बसलेली असते, फिरवली की निघते. बिअर बदलली की मूठ बदलते आणि ब्रुअरी बंद पडली की कपाटात जाते. आपल्याला शोधायचं असतं ते कपाट.

आधी एक घराणं धरा

दिसेल ते जमवायला गेलात तर माळा भरेल आणि संग्रह काही होणार नाही.

जुन्याची आवड असेल तर अमेरिकी गोल मुठी बघा. तिकडची दारूबंदी १९३३ मध्ये उठली. महागड्या बिअरचं नाव सांगून हलकी बिअर ओतायची खोड बारवाल्यांना होतीच, म्हणून नळातून कोणती बिअर येते ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, असे नियम आले. त्यातून लिंबाएवढ्या, बहुधा बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकच्या मुठी निघाल्या, तोंडावर कंपनीच्या नावाची चकती बसवलेल्या. फूटभर उंच, मासे-अस्वलं-जहाजं कोरलेल्या मुठी बऱ्याच नंतरच्या, छोट्या ब्रुअऱ्यांनी गजबजलेल्या बारमध्ये लांबून ओळखू यावं म्हणून केलेल्या.

इंग्लंडचं प्रकरण वेगळं. तिथल्या जुन्या पद्धतीच्या पबात हातपंप असतो. त्याचा दांडा पबचाच, तो काही तुम्हाला मिळणार नाही. बिअरचं नाव असतं ते दांड्यापुढे अडकवलेल्या पाटीवर, तिला पंप क्लिप म्हणतात. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. पाटी सपाट असते, पाकिटातून येते आणि फुटत नाही. बास या इंग्रजी बिअर कंपनीचा लाल त्रिकोण असलेली पाटी मिळाली तर सोडू नका. १ जानेवारी १८७६ ला ब्रिटनमध्ये नोंदलेलं पहिलं व्यापारचिन्ह ते हेच. गिनेस या आयरिश बिअरची वीणाही (हार्प) १८७६ मध्येच नोंदली गेली. पुढे आयर्लंडच्या सरकारने तीच वीणा राजचिन्ह म्हणून घेतली, तेव्हा तिला उलट्या दिशेला तोंड करावं लागलं. मुठीवरची वीणा बघताना आधी तिची दिशा बघायची सवय लावा.

मग आटे मोजा

पुष्कळजण इथेच फसतात. माझी पहिली अमेरिकी मूठ घेऊन मी भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि साडेनऊ एमएमचा बोल्ट मागितला. दुकानदाराने मूठ हातात घेतली, आत करंगळी घालून आटे चाचपले आणि म्हणाला, “तीन सूत म्हणा ना, भाऊ.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अमेरिकी मुठीचं माप तीन अष्टमांश इंच आणि इंचाला १६ आटे. आपल्याकडच्या जुन्या मापाच्या तीन सुती बोल्टलाही इंचाला १६च आटे. आट्याचा कोन जरा वेगळा असतो, एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, पण मांडून ठेवण्यापुरतं छान बसतं. १० एमएमचा बोल्ट मात्र रेटू नका. तो एक आटा शिरल्यासारखा वाटतो आणि आतली पितळी बुशिंग, म्हणजे आट्यांची नळी, खाऊन टाकतो. युरोपातल्या काही मुठींची मापं आणखी निराळी, त्यामुळे मूठ खिशात घेऊनच दुकानात जा.

स्टँड घरीच होतो. सागाची फळी घ्या, मध्ये चार-चार बोटं सोडून भोकं पाडा, तीन सुती आट्यांच्या रॉडचे तुकडे अराल्डाइटने बसवा आणि रात्रभर हलवू नका.

पबात मागायची रीत

वाइनच्या गावात बिअरची मूठ मागणारा माणूस वेटरला विचित्र वाटतो, हे गृहीत धरा. कॉलेज रोड असो की गंगापूर रोड, शनिवारी रात्री विचारू नका. दुपारी चारच्या सुमारास जा, मॅनेजर हिशेब करत बसलेला असतो. “सर, बंद झालेल्या बिअरची हँडल्स पडून आहेत का?” एवढंच विचारा. चालू नळावरची मूठ मागू नये. ती बऱ्याचदा बारची नसतेच, ब्रुअरीने दिलेली असते. गुपचूप फिरवून खिशात घातलेली मूठ ही चोरीच, मग तुम्ही कितीही मोठे संग्राहक असा. मिळाली तर कागदावर दोन ओळी आणि सही घ्या.

बाहेरगावी जाल तेव्हा मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार बघा. मूठ तिथे ‘गाडीचा गिअर’ म्हणूनही विकायला असते. दुकानदाराचा गैरसमज लगेच दूर करायची गरज नाही.

ऑनलाइन घेताना

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. असं काही झालं की त्या नावाच्या वस्तूंमागे लोक धावतात आणि नकली माल निघतो. विक्रेत्याकडून तळाचा फोटो मागा. नळावर राबलेल्या मुठीचे आटे काळवंडलेले असतात आणि रंग हात लागतो त्याच बाजूला झिजलेला असतो. सगळीकडे सारखा ‘जुना’ रंग दिसला तर तो पॉलिश पेपरचा प्रताप समजा. नावाची अक्षरं भिंगाखाली बघा. ठिपके ठिपके दिसले तर ती घरच्या प्रिंटरवर छापलेली असू शकतात.

पॅकिंगचंही आधीच ठरवा. मी एकाकडून रेझिनचं अस्वल मागवलं, ते नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आलं. एक कान पिशवीत, दुसरा बेपत्ता. कस्टमचे पैसे भरून बहिरं अस्वल घेतलं, असं घरात अजून ऐकवतात.

साफ करताना हात आवरा

पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो. जाऊ देऊ नका. जुन्या मुठीवर निकेलचा पातळ मुलामा असू शकतो, तो चिंचेने आणि घासणीने निघून जाईल. अ‍ॅक्रिलिकला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर आत बारीक चिरा धरतात आणि त्या परत जात नाहीत. ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. पावसाळ्यात लाकडी मुठी भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी आधी फळी धरते.

वही

प्रत्येक मुठीमागे एक पान: पबचं नाव, गाव, डावीकडून कितवा नळ, कोणती बिअर, कोणी आणि कधी दिली. शक्य असेल तर मूठ नळावर असतानाचा फोटो. पब बंद पडतात, नावं बदलतात, त्या जागी मोबाइलचं दुकान येतं. माझ्याकडच्या एका मुठीचं पान कोरं आहे. मूठ सुरेख आहे, लाकडी, निळ्या पट्ट्याची, पण कुठली ते लिहायचं मी तेव्हा उद्यावर टाकलं. अदलाबदलीत ती कोणी घेत नाही. स्टँडवर तिच्या शेजारचं भोक देवळालीच्या नावाच्या मुठीसाठी राखून ठेवलंय. पुण्याला दोनदा विचारून आलो, दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.