पद्मिनीत रास्पबेरी पाय: जुन्या गाडीसाठी घरी बनवलेलं हेड युनिट

प्रीमियर पद्मिनीत गाणी वाजवणारं हेड युनिट म्हणून रास्पबेरी पाय ४ हा एका छोट्या बोर्डवरचा कंप्युटर (पुढे नुसता ‘पाय’) बसवायचा तर कंप्युटरचा भाग सोपा आहे. कस लागतो तो वीजपुरवठ्यात. गाडीची वायरिंग बल्ब, हॉर्न आणि वायपरसाठी केलेली आहे, आणि पायला मात्र सतत ५ व्होल्ट हवेत, ते ४.६३ च्या खाली गेले की तो कमी व्होल्टेजची तक्रार करतो आणि अडखळायला लागतो. ही मांडणी म्हणूनच बॅटरीपासून सुरू होते.

त्याआधी एक अट. मूळ डॅशबोर्डचा पत्रा कापायचा नाही. ७ इंची अधिकृत टचस्क्रीन १९४ बाय ११० मिमीची आहे, तर एक-डिन (ठरावीक मापाच्या) रेडिओची खाच साधारण १८० बाय ५० मिमीची असते. स्क्रीन तिथे बसत नाही म्हणून करवत चालवली जाते आणि गाडीची किंमत आणि रूप दोन्ही जातं. स्क्रीन डॅशबोर्डखाली पट्टीवर, आधीपासून असलेल्या स्क्रूंना धरून बसवा. पाय, १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर वेगळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवा.

आता मल्टिमीटर घ्या. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते पाहा. पद्मिनीसारख्या फियाटच्या घराण्यातल्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या (निगेटिव्ह टोक बॉडीला), पण जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या सापडतात. तिथे पुढची जोडणी जशीच्या तशी करू नका. इंजिन बंद असताना सुमारे १२.५ व्होल्ट आणि रेस केल्यावर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करा. गाडीला डायनामो (जुन्या प्रकारचा जनरेटर) असेल तर तो आयडलवर जवळजवळ चार्जच करत नाही. पाय आणि स्क्रीन मिळून १० ते १२ वॉट घेतात, तेवढं चालतं. रात्री हेडलाइट लावून, ट्रॅफिकमध्ये उभं राहून मोठ्या आवाजात गाणी लावली तर मात्र सगळा भार बॅटरीवर येतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची वायर काढा आणि पहिल्या १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज घाला. पायच्या फाट्याला ३ अँपियर, ॲम्पच्या फाट्याला १० अँपियर. पायच्या फाट्यावर फ्यूजनंतर एसएम८एस२४ए हा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके शोषणारा) लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला, दुसरी अर्थला. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर मोठा झटका येतो. हा डायोड तो ३९ व्होल्टच्या आसपास दाबून धरतो. कन्व्हर्टर त्यामुळे निदान ४० व्होल्ट सोसणारा आणि ५ अँपियरचा हवा. बाजारात लगेच मिळणारं एलएम२५९६चं बोर्ड ३ अँपियरचं म्हणून विकतात, पण २ च्या पुढे ते तापतं. दुसरी अडचण सेल्फ मारतानाची. थकलेली बॅटरी त्या क्षणी ७ व्होल्टपर्यंत येते आणि व्होल्टेज फक्त उतरवणारा साधा बक कन्व्हर्टर तिथे हात टेकतो. कमी व्होल्टेजलाही ५ टिकवणारा बक-बूस्ट प्रकार घेतलात तर हा प्रश्नच राहत नाही. आउटपुट ५.१ व्होल्टला लावा आणि पायपर्यंतची जाड वायर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे पाय नीट बंद करणं. चावी फिरवली आणि वीज तुटली, असं रोज झालं तर एसडी कार्ड कधीतरी बिघडणारच. बॅटरी आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये ऑफ-डिले टायमर रिले (चावी बंद झाल्यावरही ठरावीक वेळ वीज चालू ठेवणारा) घाला, वेळ ६० सेकंद, ट्रिगर इग्निशनवरून. त्याच इग्निशनची वायर २.२ किलोओहममधून पीसी८१७ ऑप्टोकपलरच्या (प्रकाशातून सिग्नल पोचवणारा, दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) एलईडी बाजूला द्या, दुसरं टोक अर्थला. त्याच्याच ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पायच्या जीपीआयओ १७ या सिग्नल पिनला, एमिटर पायच्या ग्राउंडला. चावी चालू असताना पिन लो राहते, बंद केली की हाय होते. पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले (हार्डवेअरची तयार सेटिंग) जोडा: पिन १७, ॲक्टिव्ह-लो शून्य (म्हणजे पिन हाय झाली की बंद), पुल-अप (एरवी पिन हाय ठेवणारा), डिबाउन्स २००० मिलिसेकंद (सिग्नल तेवढा वेळ टिकला तरच खरा). सेल्फच्या वेळी इग्निशनची वीज क्षणभर खचली तरी पाय बंद पडत नाही, तो या डिबाउन्समुळे.

यात एक फट राहते. चावी बंद करून मिनिटाच्या आत पुन्हा चालू केली तर पाय बंद झालेला असतो, पण रिले सुटलेला नसतो, त्यामुळे तो आपोआप उठत नाही. पेट्रोल पंपावर हे हमखास होतं. बोर्डवरच्या ‘रन’ पिन आणि ग्राउंडमध्ये छोटं पुश बटण लावून ठेवा. शिवाय टायमर बोर्ड सतत थोडा करंट पितं. २० मिलिअँपियर धरले तरी ३० दिवसांत १४.४ अँपियर-तास होतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला बॅटरी कट-ऑफ स्विच हवाच.

आवाजासाठी पायचा हेडफोन जॅक वापरू नका, त्यात खरखर असते. पीसीएम५१०२ डॅक बोर्ड (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग सिग्नल करणारा) घ्या: बिट क्लॉक जीपीआयओ १८, वर्ड क्लॉक १९, डेटा २१, आणि एससीके ग्राउंडला. ओव्हरले हायफायबेरी-डॅक. पुढे टीडीए७३८८ ॲम्प, चांगल्या हीटसिंकवर. त्याची स्टँडबाय (चालू-बंद) पिन थेट इग्निशनला जोडा, म्हणजे चावी काढताच आवाज थांबतो. पाय, डॅक आणि ॲम्प यांचे अर्थ बॉडीवर एकाच, रंग खरवडलेल्या बोल्टवर आणा. वेगवेगळ्या ठिकाणी दिले की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते. डायनामोची खरखर असेल तर त्याच्या मुख्य आउटपुट टर्मिनलवरून बॉडीला १ मायक्रोफॅरडचा सप्रेसर (खरखर दाबणारा) कंडेन्सर लावा. फील्डच्या टर्मिनलला तो कधीच लावू नका. टकटक येत असेल तर ती डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची आणि स्पार्क प्लगची; रेझिस्टर असलेले प्लग किंवा कार्बन कोरच्या वायरी घाला.

सॉफ्टवेअर हलकं ठेवा: रास्पबेरी पाय ओएस लाइट, गाण्यांसाठी एमपीडी हा प्लेअर, फोनवरची गाणी ऐकण्यासाठी ब्लूटूथ ए२डीपी. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, वेळ हवी असेल तर डीएस३२३१ मॉड्यूल जोडा. गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर, रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असा) माउंट करून ठेवा. शेवटी रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून ओव्हरले फाईल सिस्टिम (वरच्या ओव्हरलेपेक्षा वेगळी) चालू करा, म्हणजे कार्डवर काहीच लिहिलं जात नाही. क्रम मात्र चुकवू नका. फोनचं पेअरिंग, आवाजाची पातळी आणि एमपीडीची गाण्यांची यादी हे सगळं आधी व्हायला हवं, नाहीतर प्रत्येक चावीला फोन अनोळखी होतो. पुढे नवा फोन जोडायचा झाला तर ही फाईल सिस्टिम बंद करा, पेअर करा, परत चालू करा.

डबा विंडस्क्रीनखालच्या उन्हात ठेवू नका. ८० अंशांना पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. हीटसिंक बसवा, डब्याला दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा, आणि सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक फेरीनंतर फ्यूज होल्डर आणि वायरींचे जोड हाताने चाचपून पाहा. जो जोड गरम लागेल तो उघडून पुन्हा क्रिंप करा.